दोन कांताबाई आणि अक्षताची चिठ्ठी

माझी सून अक्षता हिला कोणी हुशार म्हटलं की ती आधी मागे वळून बघते, दुसरं कोण उभं आहे का. नऊ वर्षं आमच्या येरवड्याच्या घरात आहे, पण ही खोड काही गेली नाही. तिच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असं माझ्या मनात कधीचं होतं. लिहायला बसवलं मात्र एका रविवारच्या पाऊण तासानं. त्या पाऊण तासात एका बाईचा जीव अधांतरी होता, आणि तिला शोधायचं कसं हे फक्त अक्षताच्या समोरच्या एका जुन्या लॅपटॉपला ठाऊक होतं. तो लॅपटॉप बोलायला तयार नव्हता. आणि बोलायला तयार नव्हता त्यात निम्मी चूक माझी होती, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायचं कारण नाही.

मी पोपट. शिक्षण गावच्या शाळेतलं, सातवी पास. पुण्यात येऊन एकतीस वर्षं पोस्टमनकी केली. अक्षता बारावी झालेली, माहेर दौंडचं. घरी बसून शाळेच्या दप्तरांना चेन लावून देते. कापडाचे गठ्ठे येतात, दप्तरं होऊन जातात. मशीनवर बसली की बोलत नाही. बोलली तर दोन शब्द. माझा मुलगा धम्मदीप म्हणतो, "आप्पा, तुम्ही दोघांचं मिळून बोलता, म्हणून ती गप्प." असेलही.

आमच्या बुद्ध विहाराच्या वाचनालयात दर रविवारी ऋचा नावाची मुलगी बायकांना कॉम्प्युटर शिकवायला येते. खराडीच्या कुठल्याशा कंपनीत आहे. पहिल्या महिन्यात अकरा बायका होत्या, दुसऱ्या महिन्यात तीन उरल्या. तिसऱ्या महिन्यात पायथन सुरू झालं तेव्हा अक्षता आणि आणखी एक. मी कोपऱ्यात पेपर वाचायचं निमित्त करून बसायचो. ऋचा सांगत होती, क्लास म्हणजे काय, ऑब्जेक्ट म्हणजे काय, आणि इंग्रजीत गुरफटत चालली होती. अक्षता हळूच म्हणाली, "म्हणजे क्लास हा कापायचा फर्मा. आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या फर्म्यावरून शिवलेलं एकेक दप्तर. फर्मा एकच, पण प्रत्येक दप्तरात ज्याचं त्याचं सामान."

ऋचा तिच्याकडे बघतच राहिली. "ताई, हे मी उद्या ऑफिसमध्ये वापरणार. एकदम परफेक्ट आहे."

अक्षतानं मागे वळून बघितलं. मागे मीच होतो.

विहारात आरोग्य शिबिर ठरलं, तेव्हा नावनोंदणीचं काम अक्षतानं अंगावर घेतलं. अंगावर घेतलं म्हणजे ऋचानं तिचं नाव सुचवलं आणि ही नाही म्हणाली नाही. रुग्णाचा फर्मा तिनं वहीत आधी पेननं लिहिला: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, वय, गाव, फोन. 'गाव' हा खण माझ्यामुळे आला. मला माणूस दिसला की गाव विचारल्याशिवाय चैन पडत नाही. मग तिनं तालीम म्हणून पहिला रुग्ण मलाच केलं. सगळं भरलं आणि म्हणाली, "आता चिठ्ठी छापते." झेरॉक्सवाल्याकडून मागून आणलेल्या प्रिंटरमधून चिठ्ठी सरकत बाहेर आली. तीवर माझं नाव नव्हतं. होतं हे:

<__main__.Rugna object at 0x7f2c4a91d0>

मी म्हणालो, "हा आजार कोणता?"

ऋचा हसायला लागली. "आप्पा, हा तुमचा मेमरी ॲड्रेस आहे. म्हणजे मशीनच्या आत तुम्ही कुठे बसलात ते. तुम्हाला छापायचं म्हणजे नक्की काय छापायचं, हे आपण त्याला सांगितलंच नाही. मग ते बिचारं पत्ता छापतं."

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठलो. पत्ता! मशीनसुद्धा पोस्टमनच की! एकदा माझ्याकडे एक पाकीट आलं होतं, पत्ता बिनचूक, गल्ली, घर नंबर, सगळं. नाव तेवढं नाही. त्या घरात भाडेकरू धरून अकरा बिऱ्हाडं. सातव्या बिऱ्हाडात पाकीट फुटलं, आणि आत मुलगी पसंत असल्याचा होकार. अकराही घरांत त्या दिवशी शिरा झाला. तर असो. हे मी सांगत होतो तोवर ऋचानं अक्षताला उपाय सांगूनही टाकला होता. फर्म्यात एक कप्पा वाढवायचा, त्याचं नाव __str__, आधी दोन आणि नंतर दोन अशा खालच्या रेघा. त्या कप्प्यात लिहायचं, 'मला छापायला सांगितलं की हे छापा.' बस. त्या फर्म्यातून निघालेला प्रत्येक माणूस मग तसाच छापला जाणार.

"अजून एक भाऊ आहे त्याचा," ऋचा म्हणाली, "__repr__. बाहेरच्या लोकांना दाखवायला स्ट्र, आणि आत काम करणाऱ्याला नीट ओळख पटायला रेप्र. पूर्ण यादी एकदम छापली ना, तर मशीन स्ट्र बघतच नाही, रेप्रच शोधतं. पण ते नेक्स्ट संडे."

पुढच्या रविवारी ती नाशिकला लग्नाला जाणार होती आणि आमचं शिबिर होतं, हे त्या क्षणी तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

आता माझी चूक.

अक्षतानं चिठ्ठीवर छापायला काढलं होतं ते असं: टोकन नंबर, नाव, आडनाव. मी म्हणालो, नंबर नको. येरवड्यात नंबर कोणाला असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या दारात आलेल्या माणसाला नंबरानं हाक मारायची नाही. आणि आडनावही नको. माझ्या शाळेत मास्तर हजेरी घेताना बाकीच्यांना नावानं पुकारायचे आणि आम्हा दोघा-तिघांना जातीनं. पुढे पोस्टात लागलो, तर काही दारांत माझं आडनाव विचारून मग पाकीट उंबऱ्यावर ठेवायला सांगायचे. म्हणून आमच्या विहारात माणसाला आयुष्यमान आणि आयुष्यमती म्हणायचं, आणि पुढे नाव. डॉक्टर बाहेरचे येणार, मांडव सगळ्यांना खुला. चिठ्ठी कशी हवी? 'आयु. कांताबाई.' झालं. समितीच्या बैठकीत मी हे बोललो तर टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं भान सुटतं.

अक्षतानं फक्त विचारलं, "आणि एकाच नावाचे दोघं आले तर, आप्पा?"

"तोंड ओळखीचं असतं गं," मी म्हणालो. एकतीस वर्षं टपाल वाटलेला माणूस हे बोलला. एका गल्लीत तीन-तीन बबन असलेले मी हाताळले होते, आणि मी हे बोललो!

ती लॅपटॉपकडे वळली आणि नंबर आणि आडनाव पुसून टाकलं.

शिबिराच्या दिवशी नऊपासून गर्दी. पद्धत अशी होती: अक्षता नाव नोंदवायची, चिठ्ठी द्यायची. पुढच्या टेबलावर नर्सिंगच्या दोन मुली बोटातून रक्त घेऊन साखर बघायच्या आणि चिठ्ठीवर आकडा लिहायच्या. चिठ्ठ्या टोपलीत जमायच्या. टोपली डॉक्टरांशेजारी, आणि टोपलीशेजारी मी. मी चिठ्ठी उचलून खणखणीत आवाजात पुकारायचो, माणूस यायचा, डॉक्टर सौमित्र तपासून त्याच चिठ्ठीवर सल्ला लिहून द्यायचे. डॉक्टर तरुण, पण अस्सल पुणेरी; हसले तरी ओठ हलत नाहीत. मी प्रत्येकाशी दोन शब्द बोलायचो, तर म्हणाले, "आजोबा, नाडी मी बघतो, वंशावळ तुम्ही बघा. पण जरा वेगानं."

सव्वाअकराच्या सुमारास मी चिठ्ठी उचलली. "आयुष्यमती कांताबाई!" हिरव्या लुगड्यातली एक बाई आली. मी उचललेली चिठ्ठी डॉक्टरांसमोर ठेवली. तीवर साखरेचा आकडा एकशे अठरा होता. हे लक्षात ठेवा. बाई थकलेली, ओठ सुकलेले. म्हणाली, थकवा येतोय, सकाळी एकदा उलटी झाली. डॉक्टरांनी आकडा बघितला, बीपी बघितलं. "साखर छान आहे. ऊन लागलंय. आराम करा, ही ग्लुकोजची पुडी पाण्यातून घ्या." बाई चिठ्ठी आणि पुडी घेऊन गेली.

वीस मिनिटांनी मी दुसरी चिठ्ठी उचलली आणि पुन्हा पुकारलं, "आयुष्यमती कांताबाई!"

आमच्याच गल्लीतल्या कांताबाई ओव्हाळ पदर सावरत आल्या. डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"बसा. चक्कर येते? उलटी?"

"मला कशाची चक्कर? मांडवाच्या मागे शेजारणीशी गप्पा मारत बसले होते."

"तुमची साखर पाचशे बारा आहे."

"माझी?" कांताबाई भडकल्या. "चहात अर्धा चमचा घेते मी! तुमचं मशीन बिघडलंय."

डॉक्टरांनी जागेवरच पुन्हा बोट टोचलं. एकशे एकवीस. त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "मघाशी जी गेली, तीही कांताबाईच ना?"

 आवाज माझाच होता ना तो, मांडवभर घुमलेला.

साखर बघणारी पोरगी रडवेली झाली. "सर, त्या काकूंना मी सांगितलं होतं, लगेच डॉक्टरांना दाखवा. म्हणूनच त्या पहिल्याच हाकेला उठल्या."

"आणि मी तिला ग्लुकोज दिलं." डॉक्टर उभे राहिले. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द वेगळा ऐकू आला. "पाचशे बारा साखर, उलट्या सुरू, आणि वरून ग्लुकोजचं पाणी. ती दोन-तीन तासांत बेशुद्ध पडू शकते. रस्त्यात पडली तर लोक ऊन लागलं म्हणून पाणी मारतील आणि तीच बाटली तोंडाला लावतील. कोण आहे ती? कुठे राहते?"

कोणालाच माहीत नव्हतं. तोंड ओळखीचं नव्हतं.

आम्ही सगळे अक्षताच्या टेबलापाशी गोळा झालो. तिनं नोंदणी थांबवली. सकाळपासूनची एकशे सदतीस माणसं त्या लॅपटॉपमध्ये होती, पण फाइलमध्ये साठवून ठेवणं ती अजून शिकली नव्हती. पडद्यावरची खिडकी बंद झाली असती तर सगळी माणसं वाऱ्यावर गेली असती.  तिनं ऋचाला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. लग्नातला बँड माणसाला काय ऐकू देतो!

तिनं मशीनला विचारलं, ज्यांचं नाव कांताबाई आहे त्यांना छाप. पडद्यावर आलं:

आयु. कांताबाई
आयु. कांताबाई

डॉक्टर तिच्या खांद्यावरून बघत होते. "तुमच्या यादीत माणसं किती आणि कांताबाई किती, एवढं तरी कळतंय का?"

 अक्षतानं सगळी यादीच छापायला सांगितली. आणि पडदा भरून वाहायला लागला. नाव नाही, गाव नाही. एकशे सदतीस वेळा ते <__main__.Rugna object at 0x आणि पुढे आकडे-अक्षरं, एकाला एक चिकटून.

"हे काय झालं?" साखरेच्या टेबलावरची पोरगी म्हणाली. "सगळं उडालं?"

कोणीतरी मागून म्हणालं, "कागदावर लिहून घ्यायला पाहिजे होतं. म्हटलं होतं मी." असं म्हणणारा एक जण प्रत्येक मांडवात असतो.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अक्षता, मी सांगतो, एकदा माझ्याकडे दोन रजिस्टर टपालं आलेली, एकाच नावाची..."

"आप्पा, गप्प बसा जरा."

नऊ वर्षांत पहिल्यांदा.  मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, इतक्या भीतीतही मला आतून बरं वाटलं. कोणीतरी वेळेवर मला गप्प केलं होतं.

ती बोलू लागली, पण आमच्याशी नाही, स्वतःशी. "यादी छापली की स्ट्र बघत नाही. रेप्र बघतं. रेप्र मी लिहिलाच नाही. म्हणून पत्ते." मग तिनं यादीऐवजी फक्त त्या दोन कांताबाईंना यादीसारखं बाजूबाजूला छापलं. दोन पत्ते आले. मी चष्मा वर करून बघितलं, पोस्टमनची नजर, ती शेवटच्या आकड्यांकडेच जाते. एकाच्या शेवटी a3f0, दुसऱ्याच्या शेवटी bc10.

"वेगळे आहेत," मी म्हणालो. गप्प बसायला सांगितलेलं विसरून. "अक्षता, मशीनला ठाऊक आहे या दोघी वेगळ्या आहेत. आपणच एकीच्या अंगावर दुसरीची पाटी लावली."

तिनं मान हलवली. वहीचं मागचं पान उघडलं. ऋचानं उभ्या-उभ्या सांगितलेलं तिथे एका ओळीत उतरवून ठेवलं होतं. त्या ओळीवर बोट ठेवून ती टाईप करू लागली. फर्मा पुन्हा कापायला वेळ नव्हता, आणि पुन्हा कापला तर आधीची माणसं जुन्या फर्म्याचीच राहिली असती. तिनं तो नवा कप्पा आधी सुटा शिवला: पूर्ण नाव, वय, गाव, फोन. मग एका ओळीत तो जुन्याच फर्म्याला जोडला. एंटर दाबलं. यादी छापायला सांगितली.

लाल अक्षरांत चूक आली.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "चूक कळल्यापासून पंचवीस मिनिटं झाली."

अक्षताच्या कपाळावरून घाम निघून नाकाच्या शेंड्यावर थांबला होता. तो तिनं पुसला नाही. ती लाल ओळ तिनं बोट ठेवून वाचली, इंग्रजी, एकेक शब्द. "सेल्फ राहिला," म्हणाली. कंसात एक शब्द राहिला होता. कोणाची ओळख सांगायची आहे ते सांगायचाच राहिला होता. पुन्हा लिहिलं. पुन्हा जोडलं. एंटर.

आणि माणसं बोलायला लागली. सकाळपासून नोंदवलेली तीच माणसं, कोणालाही पुन्हा विचारलं नव्हतं, कोणी जागचं हललं नव्हतं, पण फर्म्याला कप्पा जोडताच एकशे सदतीसच्या एकशे सदतीस जणांनी आपापलं नाव, गाव सांगायला सुरुवात केली. अक्षताचं बोट पडद्यावरून सरकत गेलं आणि थांबलं.

कांताबाई कचरू ओव्हाळ, ६६, येरवडा.

पुढे सरकलं. पुन्हा थांबलं.

कांताबाई मच्छिंद्र काळभोर, ६१, लोणी काळभोर. आणि फोन.

लोणी काळभोर वाचलं आणि ती बाई माझ्यासमोर उभी राहिली. सकाळी नोंदणीच्या रांगेत फेरी मारताना मीच तिला गाव विचारलं होतं. तिनं गाव सांगितलं आणि म्हणाली, "पाणी हाय का?" मी तांब्या दिला. तिनं एका दमात संपवला आणि आणखी मागितलं, मग आणखी. मी म्हटलं, लोणीची माणसं तहानेची पक्की. माझा विनोद! तीन तांबे पाणी पिणाऱ्या बाईला मी विनोद सांगितला होता.

फोन तिच्या मुलीचा निघाला. मुलगी तेजस्विनी, कल्याणीनगरला दुकानात कामाला. "आई? ती तर निघाली असेल. गुंजन चौकात बस धरते हडपसरची, मग तिथून लोणी. फोन नाही तिच्याकडे. काय झालंय?"

अक्षतानं पडद्याचा फोटो मोबाईलमध्ये काढला, कांताबाई ओव्हाळांना म्हणाली, "मावशी, ह्या लॅपटॉपला कोणी हात लावला तर हात मोडा," आणि स्कूटरची किल्ली घेतली. मी मागे बसलो. ती मला नको म्हणाली नाही, कारण आम्हा दोघांत त्या बाईचं तोंड आता मलाच नक्की आठवत होतं.

येरवड्याच्या चौकात रविवार असूनही गाड्यांची रांग. अक्षता एरवी बाजारात चालत जाते तशी गाडी चालवते, सावकाश, कडेकडेनं. त्या दिवशी तिनं मला कुठून काढलं ते मी डोळे मिटून घेतल्यामुळे सांगू शकत नाही. डोळे उघडले तेव्हा गुंजनचा थांबा. कडेच्या कठड्यावर हिरवं लुगडं. शेजारी बाटली, पाणी केशरी, अर्ध्याहून अधिक संपलेलं. आणि नेमकी हडपसरची बस थांब्यात शिरत होती.

"कांताबाई!" मी ओरडलो.

ती उठली होती, बसकडे. वळून बघितलं. डोळे खोल गेलेले. "आवं, तुमी विहारातलं न्हाय का?"

अक्षतानं आधी बाटली उचलली. "मावशी, हे पिऊ नका. तुमची साखर खूप वाढली आहे. आमची चूक झाली. चला दवाखान्यात."

"काय बोलती! डाक्टरनी सांगितलंय, साखर छान हाय म्हणून." तिनं कमरेची पिशवी सोडली, चिठ्ठी काढली, आमच्यासमोर धरली. "हे बघा. माझं नाव हाय ह्याच्यावर. आयु. कांताबाई. आकडा बी हाय. ह्यात खोटं काय?"

काय खोटं होतं? काहीच नाही. तिचंच नाव होतं. मीच ठरवलं होतं ते नाव.

बसच्या दारातून कंडक्टरचा आवाज आला, "मावशी, यायचंय का इथेच सभा घ्यायचीय?"

तिनं एक पाय पायरीवर ठेवला. अक्षतानं तिचा हात धरला नाही. हात धरला असता तर ती झटकून चढली असती, हे अक्षताला कुठून कळलं ठाऊक नाही. तिनं मोबाईल पुढे केला. फोटो मोठा केला. "मावशी, तुम्हाला वाचता येतं ना? हे वाचा. दोन ओळी आहेत."

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. मग का कोण जाणे, थांबला.

कांताबाईंनी मोबाईल लांब धरला, ओठ हलवत वाचलं. "कांताबाई मच्छिंद्र काळभोर. लोणी काळभोर. हे मी." मग वरची ओळ. "कांताबाई कचरू ओव्हाळ. ही कोण?"

"आमच्या गल्लीतल्या. चिठ्ठीवरचा आकडा त्यांचा आहे. तुमचा पाचशे बारा आहे."

तिनं चिठ्ठी उलटून बघितली. "म्हंजी मी त्या बाईची साखर घेऊन लोणीला निघाले व्हय?"

पाय पायरीवरून खाली आला. बस निघून गेली. आणि ती तिथेच कठड्याला धरून ओकली.

अक्षतानं डॉक्टरांना फोन करून तिला रिक्षानं जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर सौमित्र आमच्या आधी तिथे पोहोचून दारात उभे होते. शिबिर फोन करून बोलावलेल्या एका डॉक्टर मित्रावर सोडून आले होते. आत नेलं तेव्हा ती अर्धवट गुंगीत होती. सलाईन, इन्सुलिन, काय काय. आम्ही बाहेर बाकावर. मुलगी धावत आली, दुकानाच्या गणवेशातच. मी तिला सगळं सांगितलं, माझी चूक धरून. ती माझ्यावर ओरडली. ओरडू दिलं. अक्षता मध्ये पडली नाही, बाजूही घेतली नाही; फक्त तिच्यासाठी पाणी आणलं.

साडेतीनला डॉक्टर बाहेर आले. "साखर उतरते आहे. शुद्धीवर आहे, मला ओळखलं, आणि मला 'ग्लुकोजवाला' म्हणाली." मग अक्षताकडे बघून, ओठ न हलवता, "आणखी तासभर गेला असता तर हे असं झालं नसतं. तुम्ही छान काम केलंत."

अक्षतानं मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

संध्याकाळी नाशिकहून ऋचाचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाली, "ताई, ओ माय गॉड! पण रेप्र कशाला लिहीत बसलात? त्या दोघींचा नुसता फोन प्रिंट केला असता तरी मिळाल्या असत्या ना, एका ओळीत!"

अक्षतानं वही मिटून ठेवली. "हो," म्हणाली. "पण त्या वेळी मला त्यांची नावं बघायची होती."

कांताबाई पाच दिवस दवाखान्यात होत्या. चौथ्या दिवशी आम्ही गेलो तर वरणात मीठ नाही म्हणून नर्सशी वाद चालला होता. मला खात्री पटली, आता धोका नाही.

पुढचं शिबिर तीन महिन्यांनी झालं. या वेळी समितीची बैठक झाली, पण चिठ्ठीवर काय असावं हे मी बोललो नाही. अक्षता बोलली, उभी राहून, कागद न बघता. आत, म्हणजे रेप्रमध्ये, सगळं पूर्ण राहणार: नाव, आडनाव, वय, गाव, फोन, क्रमांक, ते काम करणाऱ्यापुरतं. चिठ्ठीवर क्रमांक येणार, कोणी नाक मुरडलं तरी येणार. त्यापुढे काय छापायचं ते ज्याचं त्याला विचारणार. आडनाव हवं त्याला आडनाव, नको त्याला नको. "माझ्या मनानं कोणाची पाटी मी लिहिणार नाही," असं म्हणाली. टाळ्या पडल्या नाहीत, सगळे विचारात पडले. टाळ्यांपेक्षा ते बरं.

त्या दिवशी रांगेत पाचव्या नंबरला कांताबाई काळभोर. लोणीहून मुद्दाम आलेल्या, मुलीला घेऊन.

"मावशी, चिठ्ठीवर काय लिहू?"

"लिही, कांताबाई मच्छिंद्र काळभोर, लोणीची. आणि खाली लिही, हिला गोड देऊ नका. मोठ्या अक्षरात."

"त्याला फर्म्यात खण नाही, मावशी."

"मग कर की. मला काय घाई न्हाय. बस आता एकची हाय."

मागच्या रांगेतून कुरकुर सुरू झाली. अक्षतानं वर बघितलं, "जरा थांबा," म्हणाली, आणि फर्मा उघडून नवीन खण लिहायला घेतला.